रानपिंगळा व वनविद्येचीं नवीं साधनें

गेल्या नाताळच्या सुटीनंतर नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला आपल्या फोनवर एक छायाचित्र दाखविलें. सातपुड्याच्या पायथ्याशीं, मामाच्या गांवाजवळ, सागाच्या फांदीवर एक लहानसें घुबड बसलेलें होतें. "सर, हा रानपिंगळा ! फोननेंच तसें सांगितलें," असें तो मोठ्या आनंदानें म्हणाला. फोनची ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आणि त्याचें उत्तर या पक्ष्याच्याच इतिहासांत सांपडतें.

रानपिंगळ्याचें शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें जेम्स डेव्हिडसन यांनीं खानदेशांत शहाद्याच्या बाजूस त्याचे कांहीं नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी जणूं नाहींसाच झाला. मध्यें एकच नोंद उभी होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनीं आपण १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवी येथें तो मिळविल्याचें लिहून ठेविलें होतें. एवढ्या नामांकित गृहस्थाच्या शब्दाविषयीं संशय कोण घेणार ? परंतु पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असल्याचें उघड झालें. ब्रिटिश म्यूझियममधून चोरून, पुन्हां भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती ! ती नोंद बाजूस सारून केवळ खऱ्या स्थळीं शोध घेतल्यावर, १९९७ सालच्या नोव्हेंबरांत, रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच हा पक्षी जिवंत दिसला. मध्यंतरीं ११३ वर्षें लोटलीं होतीं.

आतां त्या छायाचित्राकडे वळूं. आमच्या अंगणांतल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर व पाठीवर ते फारच थोडे, आणि पोटाचा खालचा भाग पांढरा. चित्रांत डोकें सावलींत होतें व पोट पानांआड. मग फोननें कशावरून ठरविलें ? तो लक्षावधि चित्रांशीं ताडून केवळ अंदाज सांगतो. तो अंदाज उपयोगी खरा, पण शोधाचा आरंभ म्हणून.

आम्ही दोघांनीं मिळून झेनो-कँटो या संकेतस्थळावर साध्या पिंगळ्याचे आवाज ऐकिले. तेथें प्रत्येक आवाजाबरोबर स्थळ, दिनांक व ध्वनिमुद्रण करणाराचें नांव दिलेलें असतें. माझ्या मतें या संग्रहाचें अर्धें मोल त्यांतच आहे. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररींत ह्यूम यांचें 'स्ट्रे फेदर्स' हें नियतकालिक व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने अंक विनामूल्य वाचावयास मिळतात. आमच्या विद्यार्थिदशेंत असे अंक पाहण्यासाठीं मुंबईस जावें लागे, आणि तेथेंहि कपाटाची किल्ली मिळेलच असें नसे ! ईबर्डवर असामान्य नोंद केली, तर त्या प्रदेशाचे जाणकार स्वयंसेवक पुरावा मागतात. मुलांना याचा राग येतो. पण १९१४ च्या त्या चिठ्ठीस असा एखादा प्रश्नकर्ता वेळीं भेटता, तर किती बरें झालें असतें !

विद्यार्थी कांहींसा हिरमुसला. "सर, मग नोंद करूंच नये काय ?" असें त्यानें विचारिलें. मीं म्हटलें, अवश्य करावी. आय-नॅचरॅलिस्टवर जात निश्चित नसल्यास केवळ कुळापुरती वा प्रजातीपुरती नोंद करतां येते, आणि संकटांतील प्राण्याचें नेमकें स्थान झांकण्याचीहि सोय आहे. दोन्ही पिंगळे आज 'अथेनी' या एकाच प्रजातींत गणले जातात. तेवढेंच लिहिणें प्रामाणिक होतें.

त्यानें तसेंच लिहिलें : दिनांक, सकाळचे साडेसात, सागाचें रान, माथा दिसला नाहीं. होळीच्या सुटींत तो पुन्हां मामाकडे गेला, या वेळीं दुर्बीण घेऊन. पक्षी त्याच झाडावर होता. माथ्यावर ठिपके भरपूर होते. त्यानें 'साधा पिंगळा' अशी दुरुस्ती केली व मला येऊन सांगितलें.