फोटोच्या दिव्यांचे स्टँड : कमी खर्चात पायदार कसे निवडावेत?

कापडाच्या व्यापारात आता नमुन्याचा तुकडा पाठवण्यापूर्वी मालाचा फोटो पाठवावा लागतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील लहान व्यापारीसुद्धा गाळ्याच्या मागच्या खोलीत पडदा लावून साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे फोटो काढू लागले आहेत. कॅमेऱ्याची आणि दिव्याची चौकशी सगळेच करतात. तो दिवा ज्यावर उभा राहणार, त्या स्टँडची चौकशी मात्र क्वचितच होते. दुकानदार दिव्यासोबत जो स्टँड देईल तो घरी येतो. म्हणून या वेळी फक्त स्टँडविषयी, थोड्या हिशेबासह लिहीत आहोत.

उर्दूत टिकाऊ वस्तूला ‘पायदार’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘पाय असलेला’. स्टँडच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे, कारण स्टँडची सारी मजबुती त्याच्या पायांत असते. गिऱ्हाईक मात्र आधी उंची विचारते. नऊ फुटी आहे का, दहा फुटी आहे का? आमच्या मते पहिला प्रश्न असा हवा की पाय उघडल्यावर किती जागा व्यापतात?

हिशेब असा. समजा, स्टँडचे वजन १.२ किलो आहे आणि वर दिवा व सॉफ्टबॉक्स मिळून २ किलो. एकूण ३.२ किलो. मधल्या नळीपासून पायाच्या टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर अंतर आहे. पाहणाऱ्याला वाटते, चारी बाजूंनी ४५ सेंटिमीटरचा आधार आहे. तसे नसते. पाय तीनच असल्यामुळे दोन पायांच्या मधल्या बाजूला आधाराची कड मध्यापासून निम्म्या अंतरावर, म्हणजे २२.५ सेंटिमीटरवरच असते. स्टँड पडतो तो बहुतेक याच बाजूला. दिवा २१० सेंटिमीटर उंच असेल, तर तेथे आडवा सुमारे ३४० ग्रॅमचा रेटा लागला की स्टँड कलंडू लागतो. एवढा रेटा लहान मुलाचा हात लागूनही मिळतो. पायांची लांबी ४५ ऐवजी ५५ सेंटिमीटर असेल तर हाच आकडा ४२० ग्रॅमच्या आसपास जातो. आणि मूळच्याच स्टँडला खाली मध्यभागी ५ किलोची वाळूची पिशवी टांगली तर तो एकदम ८८० ग्रॅमच्या जवळ पोहोचतो. म्हणजे महागडा स्टँड घेण्याआधी वाळूची पिशवी घ्यावी, हे हिशेबच सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे मे महिन्यात फोटोचे काम चालले होते. उकाडा असल्याने छताचा पंखा पूर्ण वेगात होता. मोठा सॉफ्टबॉक्स वाऱ्यात शिडासारखा काम करतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. स्टँड कलंडला आणि खाली बसून साडीच्या निऱ्या लावणाऱ्या पोराच्या खांद्यावर दिवा आला. हाड वाचले, पण पोर आठवडाभर हात वर करू शकत नव्हते आणि दिवाही निकामी झाला. स्टँड घेताना वाचवलेले चारशे रुपये तेथे कोठल्या खात्यात मांडायचे? कामाला ठेवलेला माणूस आपल्या भरवशावर त्या दिव्याखाली बसलेला असतो.

खोक्यावर ‘५ किलो’ किंवा ‘१० किलो’ असे छापलेले असते. त्यावर फार विसंबू नये. तो आकडा सरळ खाली येणाऱ्या वजनाचा असतो. सॉफ्टबॉक्सचा वारा, पुढे झुकलेला दिवा, पूर्ण ताणलेली नळी यांचा विचार त्यात क्वचितच असतो.

आता नळी. हलके स्टँड अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आणि अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचे असते. एका खोलीतून हलवायचेच नसेल तर हलकेपणाचे पैसे कशाला द्यायचे? लोखंडी नळीचा स्टँड जड असतो आणि हा जडपणाच येथे कामी येतो. चुंबक खिशात ठेवावे, म्हणजे नळी कशाची आहे याचा वाद उरत नाही. पण धातूहून महत्त्वाची गोष्ट नळीची जाडी. पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास थोडासा वाढला तरी तिचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. व्यास दुप्पट झाला तर विरोध आठपट. म्हणून सर्वांत वरची, सर्वांत बारीक नळी मोजावी. चार टप्प्यांचा स्टँड घडी केल्यावर लहान होतो, पण त्याची शेवटची नळी बोटाएवढीच राहते. त्याच उंचीचा तीन टप्प्यांचा स्टँड मिळाला तर तो घ्यावा. आणि गरजेपेक्षा एक-दोन फूट उंच स्टँड घेऊन वरची बारीक नळी आतच राहू द्यावी.

कापड पारखताना आपण ताग्याचा दर ऐकून माल उचलत नाही, बोटांत चोळून पोत पाहतो. स्टँडचेही तसेच करावे. दुकानातच पूर्ण उंच करून वरचे टोक धरून हलकेच पिळावे. पाय जागेवर असताना टोक किती फिरते ते पाहावे. नॉब घट्ट केल्यावर नळी हाताने खाली दाबून पाहावी. ती सरकली तर तो स्टँड परत ठेवावा. नॉब ज्या कड्यातून जातो ते कडे प्लॅस्टिकचे असेल तर वर्षभरात तेथेच तडा जातो. ओतीव धातूचे असेल तर बरे. नॉबचे टोक थेट नळीवर रुतत असेल तर काही दिवसांत नळीला खड्डे पडतात आणि ती वरखाली होईनाशी होते. जेथे शेजारी यंत्रमाग चालतात तेथे जमीन सतत थरथरते आणि घट्ट केलेले नॉबही हळूहळू ढिले पडतात. अशा ठिकाणी दर तासाला नॉब तपासण्याचे काम एका माणसावर सोपवावे.

काही स्टँडमध्ये हवेची गादी असते. नॉब सुटला तरी नळीतली हवा दबून दिवा सावकाश खाली येतो. काहींत नुसती स्प्रिंग असते, जी अगदी तळाशी धक्का सोसते. दोन्हींना दुकानदार एकच नाव देतो. खात्री करायची असेल तर रिकामा स्टँड उंच करून नॉब सैल करावा आणि खाली येणारी नळी कशी येते ते पाहावे. ज्याच्याकडे हजारो रुपयांचा फ्लॅश आहे त्याने हवेच्या गादीसाठी थोडे जास्त मोजावेत.

वरच्या टोकाची बाब लहान, पण पैसे वाया घालवणारी. बहुतेक दिवे १६ मिलिमीटरच्या, म्हणजे पाच अष्टमांश इंचाच्या खुंटीवर बसतात. त्या खुंटीच्या टोकाला पाव इंची किंवा तीन अष्टमांश इंची आटे असतात. मोबाईलच्या गोल दिव्यासोबत येणाऱ्या स्टँडला बऱ्याचदा नुसता पाव इंची स्क्रू असतो आणि तो मोठ्या दिव्याचा भार पेलत नाही. आपला दिवा सोबत नेऊन बसवून पाहणे उत्तम.

पाय उघडण्याचीही रीत आहे. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर होईपर्यंत पाय उघडावेत. कमी उघडले तर आधार अरुंद होतो. जास्त उघडले तर मधली नळी जमिनीला टेकते आणि पाय अधांतरी राहतात.

दिवा कापडाच्या वर आडव्या दांडीवर घ्यायचा असेल तर खबरदारी दुप्पट हवी. वरच्याच स्टँडवर २ किलोचा दिवा मध्यापासून ६० सेंटिमीटर पुढे नेला, तर दांडीचे वजन सोडूनही सगळा भार मध्यापासून ३७.५ सेंटिमीटरवर जातो. दांडी दोन पायांच्या मधोमध असेल तर तेथे आधार २२.५ सेंटिमीटरचाच, म्हणून स्टँड पडणारच. तीच दांडी एका पायाच्या बरोबर वर असेल तर आधार ४५ सेंटिमीटरचा, म्हणून स्टँड उभा राहतो. उभा राहतो एवढेच. बाजूने धक्का लागला तर भरवसा नाही. मागच्या दोन पायांवर पिशवी टाकावीच. पिशवीचे वजन पायांवर यावे, ती जमिनीला टेकू नये.

पिशवी विकत घेण्याची गरज नाही. मांजरपाटाचे दुहेरी कापड, दुहेरी शिलाई आणि आत प्लॅस्टिकच्या थैलीत कोरडी वाळू. पाण्याचे कॅन टांगलेले आम्ही पाहिले आहेत. विजेच्या तारांजवळ ते अजिबात नको.

पडद्यासाठी दोन स्टँड आणि मध्ये आडवी नळी लागते. येथे आपली जीएसएमची विद्या उपयोगी पडते. ३ मीटर पन्ह्याचा, ५ मीटर लांबीचा, १५० जीएसएमचा पडदा २.२५ किलो भरतो. २०० जीएसएमचा ३ किलो. मखमल घेतली तर आणखी जड. पातळ नळी मधोमध झोळ खाते आणि झोळाची सुरकुती थेट फोटोत येते.

सिनेमाच्या कामातला सी-स्टँड सर्वांत भक्कम. पूर्ण लोखंडी, तिन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर, त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांत सरकवून अरुंद जागेतही उभे करता येतात. त्याची दांडी अशा बाजूला ठेवावी की दिव्याच्या भाराने नॉब घट्ट होईल, सैल होणार नाही. लहान दुकानाला असा एकच पुरे, आडव्या दांडीच्या कामासाठी. बाकी दोन साधे, रुंद पायांचे चालतात.

ज्यांना तेवढाही खर्च जड वाटतो त्यांनी जुन्या फोटो स्टुडिओंकडे चौकशी करावी. बंद पडलेल्या स्टुडिओंत जाड नळीचे लोखंडी स्टँड कोपऱ्यात पडून असतात आणि मालक भंगाराच्या भावाच्या थोडे वर देऊन टाकतो. घेताना नळी जमिनीवर लोळवून वाकलेली नाही ना हे पाहावे आणि पायांचे रिव्हेट हलवून पाहावेत. गंज वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने निघतो. नॉब तुटला असेल तर त्या आट्यांचा नवा नॉब लेथवाला बनवून देतो.