पुतण्यास पत्र : ट्रान्सपॉन्डरविषयी

हडपसर, पुणे

चि. बाळ यास,

दिवाळीत तुझ्या आत्याचे जावई सॅक्रामेंटोहून आले होते. फराळाच्या वेळी तुझा विषय निघाला, आणि तू मित्राबरोबर भागीत जुने फायबरग्लासचे ग्लायडर घेतल्याची वार्ता त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितली. ती ऐकून झालेला आनंद त्यांच्या पुढच्याच वाक्याने मावळला. ते म्हणाले, की त्या ग्लायडरात तू नवा रेडिओ आणि रंगीत पडद्याचा मोठा संगणक बसवतो आहेस, ट्रान्सपॉन्डर मात्र पुढल्या वर्षावर ढकलला आहेस. इतकेच नव्हे, तर क्लबच्या ज्या ग्लायडरात तू हल्ली उडतोस, त्यात ट्रान्सपॉन्डर असूनही बॅटरी पुरत नाही या सबबीवर तो तू बंद ठेवतोस. वहिनी त्या वेळी आत चहा टाकत होत्या, त्यांच्या कानी हे गेले नाही, आणि मीही जाऊ दिले नाही. पण त्या रात्रीपासून माझ्या मनाला स्वस्थता नाही.

ऐकीव गोष्टीवरून घरच्या मुलाला दटावणे उचित नव्हे, हे मी जाणतो. जावईबापूंच्या सांगण्यात अतिशयोक्ती असेल तर हे पत्र फाडून टाक. परंतु त्यात तथ्य असेल, तर बाळ, मला एवढेच विचारायचे आहे की जो मुलगा लहानपणी गच्चीवर पतंग उडवतानाही आधी कठड्याची उंची पाहत असे, त्याने इतक्या मोठ्या बाबतीत अशी हयगय कशी केली?

कायद्याची ग्लायडरला सूट आहे, असे तू म्हणशील. अमेरिकेत 10,000 फुटांच्या वर इतर विमानांना जे यंत्र अनिवार्य आहे, ते ग्लायडरला नाही, हे मला ठाऊक आहे. पण कायद्याने दिलेली मुभा ही काही आकाशाने दिलेली हमी नव्हे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणात गेली, तेव्हा पडद्यापाशी बसलेल्या माणसाला काय दिसते, ते माझ्याकडून ऐक. प्राथमिक रडार आपली लहर सोडते आणि जे उसळून परत येईल त्याचा केवळ ठिपका दाखवते. त्या ठिपक्याला नाव नसते, उंची नसते. धातूच्या प्रचंड विमानाचा प्रतिध्वनी ठळक येतो. फायबरग्लासचे सडपातळ ग्लायडर मंद गतीने घिरट्या घालत असले, की त्याचा क्षीण प्रतिध्वनी पावसाच्या सरी आणि पक्ष्यांचे थवे यांच्या गलबल्यात हरवतो, आणि असला गलबला गाळून टाकणारी यंत्रणा पुष्कळदा त्यालाही गाळून टाकते. ट्रान्सपॉन्डर मात्र 1030 मेगाहर्ट्झवर आलेल्या पृच्छेला 1090 मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, आणि त्या उत्तरात ओळख व उंची दोन्ही येतात. तीच पृच्छा जेट विमानातले टीकॅस यंत्र अखंड करीत असते. उत्तर मिळाले, तर ते वैमानिकाला वेळीच सावध करते आणि वर जा की खाली जा हेही सांगते. उत्तर न देणारे ग्लायडर त्याच्या लेखी नसल्यातच जमा. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसे गेली, तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. आमच्या खात्यात त्यानंतर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता, आणि विमानात टीकॅस असण्याची सक्ती आपल्या देशात झाली ती त्या आघातानंतर.

आणि तू तर अमेरिकेतल्या मिंडेनच्या विमानतळावरून उडतोस! 28 ऑगस्ट 2006 रोजी तिथूनच निघालेले एक एएसजी 29 ग्लायडर स्मिथ गावाजवळ सुमारे 16,000 फुटांवर घिरट्या घालत असताना रिनोकडे उतरत येणारे हॉकर 800 एक्सपी जेट त्याच्यावर आदळले. जेटचे नाक फुटले, समोरचा उपकरणांचा फळा वैमानिकाच्या अंगावर आला, आणि तशा अवस्थेत त्यांनी ते विमान कार्सन सिटीला चाके न उघडता पोटावर उतरवले. ग्लायडरच्या वैमानिकाने पॅराशूटने उडी टाकली. सर्वांचे प्राण वाचले, ही परमेश्वराची कृपा. पण चौकशीत निघाले काय? त्या ग्लायडरात ट्रान्सपॉन्डर होता. रेडिओसाठी बॅटरी राखावी आणि आज फार दूर जायचे नाही, एवढ्या विचाराने तो बंद ठेवला होता. जावईबापूंचे वाक्य ऐकताच माझ्या हातातली बशी का डगमगली, ते आता तुझ्या ध्यानी येईल.

डोळ्यांवर भिस्त ठेवून उडतो, असे म्हणू नकोस. 300 नॉट वेगाने येणारे जेट एक सागरी मैल 12 सेकंदांत तोडते, आणि समोरून पाहिले असता तुझे पांढरे, पात्यासारखे पातळ पंख ढगांच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, वेळच्या पुण्यात अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत असत. स्वाराला स्वतःला गल्ली पाठ असे, दिवा असायचा तो समोरून येणाऱ्या टांग्याला सायकल दिसावी म्हणून. ट्रान्सपॉन्डरचे प्रयोजन तेच आहे. ग्लायडरांना एकमेकांपासून सावध करणाऱ्या तुमच्या फ्लार्म यंत्राची उपयुक्तता मी नाकारत नाही, एकाच थर्मलमध्ये पाच ग्लायडर फिरत असता त्याचे मोल फार. परंतु फ्लार्मची हाक फ्लार्मलाच ऐकू येते, टीकॅसला नव्हे.

या सगळ्या अनर्थाचे मूळ बॅटरीत आहे, सबब खरेदीला तिथून आरंभ कर. प्रत्येक उपकरणाची माहितीपुस्तिका उघडून ते किती अँपिअर घेते ते कागदावर मांड. समज, सर्व मिळून एक अँपिअर झाला, तर 7 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी हिशेबाने सात तास चालावी. पण दोन हिवाळे काढलेली तीच बॅटरी 16,000 फुटांवरच्या थंडीत निम्म्या वाटेवर मान टाकते. म्हणून तुझ्या सर्वांत लांब उड्डाणाचे तास धर, त्यावर निम्म्याची भर घाल आणि तेवढी साठवण असलेली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घे. ती शेवटपर्यंत दाब टिकवून धरते. तिचा स्वतंत्र चार्जर घे आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसव. जागा असेल तर दुसरी बॅटरी आणि बदलाचा खटका ठेव. इतके करूनही वीज कमी पडलीच, तर सर्वांआधी तो रंगीत पडदा बंद कर, कारण उन्हात दिसण्याजोग्या पडद्याला वीज फार लागते. ट्रान्सपॉन्डरला हात लावू नकोस.

यंत्र घ्यायचे ते मोड एस पद्धतीचे घे. स्कॉटलंडच्या ट्रिग कंपनीची दोन यंत्रे ग्लायडरवाले पुष्कळ वापरतात: टीटी21 हे 130 वॉटचे, दुसऱ्या वर्गाचे, टीटी22 हे 250 वॉटचे, पहिल्या वर्गाचे. दुसऱ्या वर्गाची मर्यादा 15,000 फुटांखालची आहे, आणि सिएरा पर्वतांवरच्या वाऱ्याच्या लहरी तर माणसाला त्याच्या कितीतरी वर नेतात. 1952 साली बिशप गावाहून दोघे जण ग्लायडरने 44,255 फुटांवर गेले होते, ते याच पर्वतांच्या लहरींवर. तेव्हा थोडे पैसे वाचवण्यासाठी टीटी21 घेऊ नकोस. फळ्यावर फक्त छोटे नियंत्रक बसते, मूळ पेटी मागे ठेवता येते. त्या नियंत्रकाला स्थिर दाबाची नळी नीट जोडली आहे ना, याची खातरजमा कर, नाही तर उंची खोटी सांगितली जाईल. अँटेना बोटभर लांबीचा असतो, तो पोटाखाली बसव. तुझ्या ग्लायडरात कुठे कार्बन असेल तर त्याच्या आत अँटेना ठेवणे निरर्थक, कार्बन लहरी अडवतो. केबल आखूड आणि उत्तम प्रतीची घे. या बाबतीत स्वस्ताई केलीस तर निम्मी शक्ती तारेतच विरते. दर 24 महिन्यांची तपासणी चुकवू नकोस. नियंत्रणाशी बोलत नसशील तेव्हा ग्लायडरसाठी नेमलेला 1202 हा संकेत लाव. रेडिओ बंद पडला तर 7600, आणि संकट आले तर 7700. हे आकडे तुला येतातच, तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रेडिओविषयी फार लिहीत नाही, कारण तो तू विचारपूर्वक निवडला असशील. एवढे पाहा, की बोलण्याचे बटण दांड्यावर असावे, ऑक्सिजनच्या मुखवट्यात मायक्रोफोनची सोय असावी, आणि बटण दाबलेल्या स्थितीत अडकत नाही ना ते उड्डाणापूर्वी तपासावे, कारण अडकलेले बटण सगळ्यांचा मार्ग अडवते आणि तुझी बॅटरीही पिऊन टाकते. रिनोच्या नियंत्रकांशी संकोच न करता बोलत जा. पण ग्लायडरांच्या 123.3 मेगाहर्ट्झवर तू कितीही स्पष्ट बोललास, तरी त्या वेळी दुसऱ्या वारंवारतेवर असलेल्या जेटच्या कानी तुझा शब्द पडणार नाही, हे विसरू नकोस. म्हणून पुन्हा सांगतो, रेडिओ राखण्यासाठी ट्रान्सपॉन्डर बंद करायचा नाही.

फार कठोर लिहिले का? तुला वाटेल, काकांना उडण्याचे काय कळते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी रोहिणी ग्लायडरात शिकलो, हे दादाने तुला कधीतरी सांगितले असेल. शेजारी शेजारी दोन बैठका, काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा, विंचची तार सुटल्याचा तो ठक्क आवाज, आणि मग खाली मुठेच्या कालव्याकाठचा ऊस व वर घिरट्या घालणारी घार. ती जिकडे वळेल तिकडे आम्ही वळत असू. पुढे आप्पांना अर्धांगवायू झाला, दादाचे शिक्षण चालू होते, आणि मी मुंबईची नोकरी धरली. त्या निर्णयाचा मला विषाद नाही. पण त्यानंतर इतरांची विमाने सुखरूप उतरवण्यात आयुष्य गेले आणि स्वतः मी पुन्हा आकाशात गेलो नाही, ही रुखरुख राहिली. कित्येक वर्षे सुट्टीत घरी आलो की ग्लायडरची सावली रस्त्यावरून सरकताना दिसे आणि मी मान वर करीत नसे. तू मिंडेनहून पहिल्या एकट्या उड्डाणाचे छायाचित्र पाठवलेस, तेव्हा ते मी किती वेळ पाहत बसलो, हे तुझी काकू सांगेल.

म्हणून तुझे उडणे थांबावे, असे माझ्या मनात चुकूनही येत नाही. उलट तू पुष्कळ उडावेस, माझ्याहून उंच, आणि माझ्याहून अधिक वर्षे. अडचण पैशाची असेल, तर माझ्या पोस्टातल्या ठेवीची मुदत फाल्गुनात संपते. ती तुझ्यासाठीच ठेवली आहे असे समज आणि संकोच करू नकोस. वहिनींना यातले काही कळवलेले नाही, कळवणारही नाही. तू फक्त क्लबच्या ग्लायडरातला ट्रान्सपॉन्डर उद्यापासून चालू ठेव, आणि आपल्या ग्लायडरात तो बसेपर्यंत ते जमिनीवरच राहू दे. एवढे माझे ऐक, बाळ.

कळावे,
तुझा काका