स्वयंपाकगृहांतील बंधु

जब्दीच्या पुत्रांनीं प्रभूच्या उजवीडावीकडील आसनें मागितलीं. ती इच्छा मंडळींतून अद्यापि गेलेली नाहीं. धर्मसेवा म्हटली कीं व्यासपीठ, झगा आणि नांवापुढील पदवी हींच प्रथम आमच्या डोळ्यांपुढें येतात.

सतराव्या शतकांत पॅरिस येथील कार्मेल संघाच्या मठांत बंधु लॉरेन्स नांवाचे एक गृहस्थ होते. पूर्वी ते शिपाई असून लढाईंतील जखमेनें लंगडे झाले होते. मठांत ते आले ते पुरोहित म्हणून नव्हे, तर केवळ सेवक-बंधु म्हणून. आणि त्यांच्या वांट्यास स्वयंपाकगृह आलें. हें काम त्यांस मनापासून नावडतें होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. आवडीचें काम भक्तीनें केलें, तर त्यांत नवल तें काय? तव्यावरील अंड्याची पोळी उलटावयाची तीही देवाच्या प्रीतीस्तव, आणि चोहोंकडून हांका येत असतां चित्त प्रार्थनेच्या वेळेइतकेंच स्वस्थ ठेवावयाचें, असा त्यांचा नित्याचा अभ्यास असे. तो सहज साधला नाहीं. पहिलीं सुमारें दहा वर्षें त्यांनीं मोठ्या मनस्तापांत काढिलीं. पुढें त्यांजकडे मठवासीयांच्या चपला सांधण्याचें काम आलें.

१६६६ सालीं जोसेफ द बोफोर नांवाचे पुरोहित ह्या आचाऱ्यापाशीं देवाच्या सान्निध्याचा धडा घ्यावयास आले. बंधु १६९१ सालीं वारले. त्यांचीं पत्रें व संभाषणें पुढील तीन वर्षांत बोफोर ह्यांनींच छापून काढिलीं.