दगड काढण्याआधी सलाईन

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील कित्येक गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. जाड दगडी भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर, हे सगळे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले.

मी तेव्हा इंटर्नशिप करीत होतो. आमच्या रुग्णालयात दुपारी एका पस्तिशीच्या शेतकऱ्याला आणले. मांड्यांवर तुळई पडून तो सात-आठ तास दबून होता. शुद्ध पूर्ण होती. मुलांची चौकशी करीत होता. हाड मोडलेले नाही, रक्तस्राव नाही, म्हणून आम्ही त्याला किरकोळ जखमींच्या रांगेत ठेवले. संध्याकाळी त्याला काळ्या चहासारखी लघवी झाली. नंतर तीही बंद झाली. तिसऱ्या दिवशी तो गेला. तो का गेला, हे मला पुढे पुस्तक उघडल्यावर कळले.

मांडी किंवा दंडासारखा मोठा स्नायू तासन्‌तास दबून राहिला की तो मरू लागतो. ओझे असेपर्यंत त्यातील विषारी द्रव्ये तिथेच अडकलेली असतात. ओझे उचलले की रक्त पुन्हा खेळू लागते आणि ती सगळी द्रव्ये शरीरात पसरतात. पोटॅशियम हृदयाकडे जाते व हृदय अचानक थांबू शकते. मायोग्लोबिन हे स्नायूतील लाल द्रव्य मूत्रपिंडात साचते व ते निकामी करते. ढिगाऱ्यात बोलत असलेला माणूस बाहेर काढताच कोसळतो तो यामुळे. याला क्रश सिंड्रोम म्हणतात.

ही माहिती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ साली असे चार रुग्ण नोंदविले होते. ते चौघेही दगावले. पुढे १९८२ साली लेबनॉनमधील टायर येथे इमारत कोसळली. तेथे दबलेल्या सात जणांना रुग्णालयाची वाट न पाहता घटनास्थळीच भरपूर सलाईन सुरू केले गेले. एकाचेही मूत्रपिंड निकामी झाले नाही. उलट तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर ४७७ जणांना डायलिसिस करावे लागले. एक सलाईनची बाटली आणि एक डायलिसिस यंत्र यांच्या किमतीची तुलना वाचकांनीच करावी!

हे ज्ञान गावातल्या माणसाला कशाला, असे कोणी विचारील. चीनमधील तांगशान भूकंपाचा (१९७६) अभ्यास पाहा. पहिल्या अर्ध्या तासात बाहेर काढलेल्यांपैकी ९९ टक्के वाचले, पहिल्या दिवसात काढलेल्यांपैकी ८१ टक्के. दुसऱ्या दिवशी हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर आले. इटलीतील १९८० च्या भूकंपातही बहुतेकांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच हातांनी, फावड्यांनी उकरून काढले. आज आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण त्यांना पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर तुम्हीच बचाव पथक असता. शिवाय यासाठी भूकंपच व्हायला हवा असे नाही. विहीर खोदताना दरड कोसळते, पावसाळ्यात जुना वाडा बसतो, बांधावरून ट्रॅक्टर उलटतो.

आधी तोंडा-नाकातली माती काढा, श्वास मोकळा करा. दबून तासाच्या आत असेल तर एक क्षणही न दवडता बाहेर काढा. अधिक वेळ झाला असेल, विशेषतः चार तासांच्या वर, तर एकीकडे ढिगारा उपसत असतानाच दुसरीकडे डॉक्टरांना जागेवर बोलवा. मोकळ्या हाताला सलाईन लावून मगच शेवटचे ओझे उचलावे. मात्र डॉक्टर मिळत नाहीत म्हणून माणसाला दबलेला ठेवू नका. आग, पाणी किंवा आणखी पडझडीचे भय असेल तर आधी काढा.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी: नॉर्मल सलाईनच वापरावे. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असते. प्रौढास ताशी सुमारे एक लिटर, दोन तासांनी निम्म्यावर आणावे. वृद्ध व हृदयरोग्यांत बेताने. आणि दुखते म्हणून डायक्लोफेनॅक टोचण्याची आपली सवय इथे आवरावी. धोक्यात असलेल्या मूत्रपिंडाला तो आणखी एक मार आहे.

नातेवाईक प्रेमाने शहाळे घेऊन येतात. एरवी उत्तम, पण या रुग्णाला शहाळ्याचे पाणी मुळीच देऊ नये, कारण त्यात भरपूर पोटॅशियम असते. पूर्ण शुद्धीवर असेल व पोटाला मार नसेल तर साधे पाणी घोट-घोट द्यावे. दबलेला पाय तेलाने चोळू नये. दोरीने आवळून बांधणे फक्त न थांबणाऱ्या रक्तस्रावातच.

बाहेर काढल्यावर "मला काही झाले नाही" म्हणणाऱ्यालाही घरी नेऊ नका, रुग्णालयातच न्या. लघवीचा रंग व प्रमाण पाहावे लागते, रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते, तेही पुढचे काही दिवस. १०८ ला फोन करताना माणूस किती वाजल्यापासून आणि शरीराच्या कोणत्या भागावर दबला आहे, हे आधी सांगा. तीच वेळ एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घाला. गर्दीत सोबत आलेली माणसे चुकतात, आणि रुग्णालयात ती वेळ सांगायला कोणी उरत नाही.