तहान कुंडीला की हवेला?

प्रश्न : पुण्यात आमच्या हॉलमध्ये अरेका पाम आहे. दर उन्हाळ्यात त्याच्या पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. रोज पाणी घालते, दिवसातून तीनदा पानांवर फवारते. रात्री एसी असतो, तोही २४ अंशांवर. डोंबिवलीला बहिणीकडे हेच झाड कुणी ढुंकूनही न बघता छताला टेकलंय. आमच्या झाडाला एसीचा गारवा बाधतो का?

उत्तर : तुमच्या पत्रात आरोपी एसी आहे, पण पुरावा त्याच्याविरुद्ध जात नाही. या पामला साधारण १८ ते २७ अंश तापमान मानवतं. दहाच्या खाली पारा गेला की पानं खराब होऊ लागतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी बाल्कनीतून आत घ्यावी. २४ अंश म्हणजे त्याच्या सुखाचाच आकडा.

मग बिघडतं कुठे? थोडा हिशेब करू. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती पोटात घेऊ शकते. २४ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २२ ग्रॅम पाणी मावतं, ३५ अंशांच्या हवेत सुमारे ४०. आता समजा, एप्रिलच्या दुपारी तुमचा हॉल ३५ अंशांवर आहे आणि त्या हवेत प्रत्यक्षात नऊच ग्रॅम पाणी आहे. पुण्याच्या कोरड्या दुपारी हे अगदी शक्य आहे. म्हणजे हवेला अजून ३१ ग्रॅम हवेत, आणि ते ती मिळेल तिथून ओढते : ओल्या फडक्यातून, आपल्या ओठांतून, पामच्या पानांतून. डोंबिवलीला त्याच वेळी ३३ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली, तर हवेची तहान उरते १४-१५ ग्रॅमची. बहिणीला घामाच्या धारा लागतात, तिचा पाम मात्र सुखात असतो.

गंमत पुढे आहे. तुमच्या हॉलमधली तीच हवा रात्री २४ अंशांपर्यंत गार केली, तर तिची तहान ३१ वरून १३ ग्रॅमवर येते, जवळजवळ डोंबिवलीइतकी! एसी हवा कोरडी करतो हे खोटं नाही. मुंबईत एसीच्या नळीखाली बादली भरते, ते पाणी खोलीतल्या हवेतलंच असतं. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये काढून घ्यायला हवेत मुळात पाणीच कमी असतं. तेव्हा झाड रात्री सुधारतं आणि दुपारी, तुम्ही एसी बंद करून बाहेर पडल्यावर, सुकतं. अपवाद एकच : कुंडी एसीच्या थेट झोतात असेल तर. पावसाळ्यात न वाळणारे कपडे आपण पंख्याखाली टाकतो ना, तेच इथे पानांचं होतं. पानाला लागून असलेला दमट हवेचा पातळ थर झोत सतत उडवून लावतो.

टोकंच का वाळतात, हाही प्रश्न रास्त आहे. पानाचं टोक मुळांपासून सर्वांत लांब. पाणीपुरवठ्याच्या लाइनीतल्या शेवटच्या घराची जी गत, तीच त्याची. शिवाय पाण्याबरोबर आलेले क्षार टोकाशीच साठतात, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर हा त्रास दुप्पट. अशा वेळी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गोडं पाणी कुंडीच्या तळाच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत घालावं.

आता तुमच्या फवारणीकडे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. प्रत्येक घनमीटरमागे ३१ ग्रॅम म्हणजे त्या हवेची तहान एक लिटरच्या वर गेली, तीही खिडक्या बंद असताना. तुमची बाटली एका वेळी फार तर अर्धी वाटी पाणी उडवणार. ते काही मिनिटांत गडप होतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसा. धूळ जाते आणि कोरड्या उकाड्यात फोफावणारी लाल कोळी ही कीडही आटोक्यात राहते.

रोजचं पाणी मात्र खरंच थांबवा. कायम चिखलात राहिलेली मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे ओल्या कुंडीतलं झाडही तहानेनं सुकतं आणि टोकं तशीच तपकिरी दिसतात. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला.

पाम म्हटलं की आपल्याला खजुराचं वाळवंट आठवतं, म्हणून त्याला ऊन आणि कोरडी हवा आवडत असणार असं वाटतं. हा पाम मूळचा मादागास्करच्या दमट भागातला. खरी ‘अरेका’ म्हणजे आपली पोफळ. या झाडाला बाजारानं ते नाव उसनं दिलंय. नातं उसनं असलं तरी आवडी मात्र जुळतात : कोकणातल्या वाडीत पोफळी माडांच्या विरळ सावलीत, ओलाव्यात कशा वाढतात ते आठवा.

तेव्हा कुंडी पश्चिमेच्या खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून हलवा. न्हाणीघराला किंवा कपडे वाळत घालायच्या बाल्कनीला लागून उजेडाची जागा असेल तर उत्तम. चार कुंड्या एकत्र ठेवल्यानं थोडा फायदा होतो, कुंडीखाली ठेवलेल्या पाणी-खड्यांच्या ताटलीनं जेमतेम. नागपूरकरांना ही चिंताच नको : वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा गार करताना ती ओलीही करतो, फक्त कुंडी त्याच्या तोंडाशी नको.

वाळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. कापायची असतील तर तपकिरी भागाची बारीक कड शिल्लक ठेवून कापा. हिरव्यात कात्री गेली की तिथे नवी कड वाळते. परीक्षा घ्यायची ती जुलैत उलगडणाऱ्या पानाची. तेही तपकिरी टोक घेऊन आलं, तर पुन्हा लिहा, आणि पाणी नळाचं की बोअरचं तेवढं न विसरता कळवा.