ट्रॉलीचे दिवे व ट्रॅक्टरचा सायलेन्सर : घरच्या घरीं करावयाची दुरुस्ती

कोल्हारपाशीं प्रवरा ओलांडून जाणाऱ्या अहिल्यानगर-मनमाड रस्त्यावर गळिताच्या हंगामांत उंसाच्या ट्रॉल्या रात्रींहि चालतात. मागील तांबडा दिवा विझलेली ट्रॉली अंधारांत दिसत नाहीं; ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारें वाहन तर एका सेकंदांत सुमारें १७ मीटर कापतें. म्हणून हा दिवा चालू राखणें म्हणजे परक्याचा व आपलाहि जीव राखणें होय.

दिवा लागेनासा झाला कीं पुष्कळ शेतकरी बल्ब बदलतात, आणि तेवढ्यानें न भागल्यास नवी तार ओढतात. आमच्या मतें प्रथम अर्थची तार पाहावी. विजेस जाण्याची जशी वाट लागते, तशी परत येण्याचीहि लागते. ट्रॉलीची ही परतीची वाट सात पिनांच्या सॉकेटमधील अर्थच्या पिनेंतून असते. ती पिन गंजली म्हणजे वीज ट्रॉली जोडण्याच्या लोखंडी खिळींतून कशीबशी परतते, व धक्का बसला कीं दिवा मिणमिणतो. इंडिकेटर लावतांच मागचे दुसरे दिवेहि लुकलुकूं लागले, तर बहुधा हाच दोष समजावा.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी व काम संपल्यावर ती शेवटीं जोडावी. सॉकेटच्या पिना पॉलिश कागदानें घासाव्या. ट्रॉलीच्या सांगाड्यावरील रंग व गंज चकाकी येईपर्यंत खरवडून तेथें अर्थची तार बोल्टानें आवळावी आणि वर ग्रीस लावावें. तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळूं नये. त्यांस लग दाबून बसवावी. तार चाकास किंवा पाट्यास घासणार नाहीं अशी नळींतून न्यावी.

१२ व्होल्टवर २१ वॅटचे दोन ब्रेकदिवे मिळून ३.५ अँपिअर वीज घेतात. फ्यूज वारंवार जात असेल, तर तार कोठें तरी सोलली आहे असें जाणून ती जागा शोधावी. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठीं असतो. त्याच्या जागीं जाड तार घालणें म्हणजे आगीस आमंत्रणच.

आतां सायलेन्सरविषयीं. इंजिन थंड असतां मॅनिफोल्डच्या सांध्याशीं काजळीचा डाग दिसला, तर तेथून धूर फुटतो. बोल्ट आळीपाळीनें आवळावे. तरीहि धूर न थांबल्यास पॅकिंग बदलावें. नळीस बारीक भोंक असल्यास पत्र्याची पट्टी व क्लँप लावून कांहीं दिवस निभावतें. कुजलेली नळी मात्र बदलावीच. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नाहीं, म्हणून बंद शेडमध्यें इंजिन चालवून पाहूं नये. वेल्डिंग करावयाचें झाल्यास बॅटरी सोडून, वाळल्या पाचटापासून दूर, जाणत्या कारागिराकडूनच करवावें. डिझेलच्या टांकीजवळ ठिणगी जाऊं देऊं नये.

ट्रॉली भरून निघण्यापूर्वीं एकानें ट्रॅक्टरवर बसून ब्रेक दाबावा व दुसऱ्यानें मागें उभें राहून पाहावें. दिवे चिखलानें माखले असल्यास पुसावे. उंसाचीं टोकें लोंबून दिवा झांकला असल्यास तीं छाटावीं. एवढी दोन मिनिटांची संवय शेतकरी बंधूंनीं लावून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.