गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : निदान व उपचार

पाळी चुकली आणि निश्चय किटवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे गर्भ राहिला आहे. परंतु तो गर्भाशयातच रुजला आहे, असे त्यावरून ठरत नाही. शंभर गर्भधारणांपैकी साधारण एक किंवा दोन वेळा गर्भ बाहेरच रुजतो, बहुधा गर्भनलिकेत. ही नलिका गर्भाशयासारखी ताणली जात नाही. ती फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन स्त्रीच्या जिवास धोका निर्माण होतो. असा गर्भ तेथून काढून गर्भाशयात ठेवता येत नाही.

पाळी चुकल्यावर ओटीपोटात, विशेषतः एका बाजूस दुखणे व थोडा रक्तस्राव होणे ही प्रमुख लक्षणे होत. ‘उशिरा आलेली पाळी’ समजून अनेक जणी हा रक्तस्राव अंगावर काढतात. तसे करू नये. भोवळ, थंड घाम, पोटात असह्य कळ किंवा खांद्याच्या टोकाशी वेदना असल्यास तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पूर्वी अशी गर्भधारणा, गर्भनलिकेचा जंतुसंसर्ग अथवा जननमार्गाचा क्षयरोग झालेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो. तांबी किंवा नसबंदीमुळे गर्भ क्वचितच राहतो. परंतु राहिलाच, तर तो बाहेर असण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘माझी नसबंदी झाली आहे’ हे डॉक्टरांना सांगावे, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. कोणतेही कारण नसलेल्या स्त्रियांनाही हा विकार होतो.

निदानासाठी योनिमार्गे सोनोग्राफी व रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी करतात. पहिल्या तपासणीत गर्भ कोठेच न दिसणे शक्य असते. अशा वेळी 48 तासांनी रक्त पुन्हा तपासून त्यातील चढउतार पाहतात. हा वेळकाढूपणा नव्हे. दुसऱ्या तपासणीस अवश्य जावे.

नलिका फुटलेली नसेल, प्रकृती स्थिर असेल व एचसीजीचे प्रमाण कमी असेल, तर मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देता येते. त्यानंतर साधारणतः चौथ्या व सातव्या दिवशी, आणि पुढे एचसीजी उतरेपर्यंत रक्त तपासावे लागते. ज्यांना वारंवार येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते. या काळात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्यात, कारण फॉलिक ॲसिडमुळे औषधाचा परिणाम घटतो. मद्य घेऊ नये व किमान तीन महिने गर्भधारणा टाळावी. अन्य स्थितीत, बहुधा दुर्बिणीद्वारे, शस्त्रक्रिया करून नलिका किंवा त्यातील गर्भ काढतात. एक नलिका काढली तरी दुसरी निरोगी असल्यास पुढे मूल होऊ शकते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनविषयी विचारावे.

औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांनी गर्भाशयाबाहेरील गर्भ पडत नाही. मात्र रक्तस्राव सुरू झाल्याने गर्भ पडला असा समज होतो आणि नलिका फुटेपर्यंत कोणी तपासणीस जात नाही. यापूर्वी हा विकार झालेल्या स्त्रीने पुढील खेपेस पाळी चुकताच रुग्णालयात नोंद करावी व सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी.